झाड लावणार, पण कुठे?

विमानाचं तिकीट काढताना शेवटच्या पानावर एक चौकोन आला. ‘थोडे जास्त पैसे द्या, तुमच्या प्रवासाच्या कार्बनची भरपाई झाडं लावून करू.’ मी टिक केलं. बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं, "मामा, कुणाच्या जागेत लावणार?"

पान वर-खाली करून पाहिलं. हिरवंगार रोपटं होतं, ओंजळ होती. जमिनीचा पत्ता नव्हता.

२०२२ च्या ‘लँड गॅप रिपोर्ट’ या संशोधकांच्या अहवालात हिशोब आहे: हवामान बदल रोखायला देशांनी दिलेली वचनं पाळायला सुमारे १२० कोटी हेक्टर जमीन लागेल. जगभरची पिकाखालची जमीन साधारण दीडशे कोटी हेक्टर! त्या १२० कोटींपैकी निम्म्याहून जास्त जमिनीचा आजचा वापर बदलावा लागेल, मुख्यतः झाडांसाठी.

कागदावर ‘पडीक’ लिहिलेल्या जमिनीवर बऱ्याचदा कुणाची तरी गुरं चरतात, एखादं शेत वर्षभर विसावा घेत असतं. तिथे एकाच जातीची, झपाट्याने वाढणारी झाडं ओळीने उभी राहिली की कार्बन मोजायला सोपं. चराई आणि पीक कोण मोजतं?

झाडांशी माझं भांडण नाही हो. पण टिक काढून टाकली.

तुम्ही करता का ती?