चार गुंठ्यांतला धबधबा

भाच्यानं गावाकडून फोटो पाठवले. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात तळ्याकाठच्या जागेचं सुशोभीकरण झालं म्हणे. पेव्हर ब्लॉक, स्टीलचं चकचकीत रेलिंग, सेल्फीसाठी गावाच्या नावाची ही मोठाली रंगीत अक्षरं आणि मधोमध कारंजं. फोटो झकास आलेत. फक्त एकाही फोटोत बसलेला माणूस दिसेना. विचारलं तर म्हणाला, "मामा, बसायचं कुठं? बाकडी ग्रॅनाइटची हायत, दुपारी टेकलं की भाजतंय. अन् कारंजं उद्घाटनापुरतंच चालू होतं."

मी राहतो न्यू जर्सीत, नोकरी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात. इथे 53व्या रस्त्यावर पेली पार्क नावाची एक चिमुकली बाग आहे. 42 फूट बाय 100 फूट. आपल्या हिशोबात चार गुंठेसुद्धा भरत नाहीत. एवढ्यात आपल्याकडे मंगल कार्यालयाचं पार्किंगही मावायचं नाही. सीबीएस ही रेडिओ-टीव्ही कंपनी नावारूपाला आणणाऱ्या विल्यम पेलींनी 1967 साली वडिलांच्या स्मरणार्थ ती उभारली. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वेल चढवलेत, डोक्यावर नाजूक पानांच्या झाडांची विरळ सावली, आणि समोरची अख्खी भिंत म्हणजे 20 फुटांवरून कोसळणारं पाणी.

गंमत त्या पाण्याच्या आवाजात आहे. रस्त्यावरून दोन-चार पायऱ्या चढून आत गेलं की आधी हॉर्न ऐकू येतात. जसजसं भिंतीकडे जावं तसतसे ते विरघळत जातात, आणि शेवटच्या टेबलापाशी नुसतं पाणीच उरतं. तिथे नवराबायको भांडत असले तरी शेजारच्या टेबलाला पत्ता लागत नाही. लाखो माणसांच्या शहरात एवढा आडोसा नुसत्या आवाजानं तयार केलाय. कडेला कॉफी आणि खायचं मिळतं, त्यामुळे नाकालाही काम असतं.

छत्रपती संभाजीनगरचा एक मित्र आला होता, त्याला तिथे बसवलं. दोन मिनिटं पाण्याकडे बघून म्हणाला, "ही तर आपली पाणचक्की की!" खोटं नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून हौदात सोडायचं, त्याच पाण्यावर फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण दळायचं, शेजारी वडाची सावली, आणि हौदाच्या तळाखाली दालन, की बाहेर ऊन रणरणत असतानाही आत गारवा. सतराव्या-अठराव्या शतकात आपल्याकडे हे जमत होतं. आता तिथे आपण तिकीट काढून जातो आणि फोटो काढून परततो.

न्यूयॉर्कलाही ही अक्कल उपजत नव्हती. 1961 पासून इथे असा नियम होता की इमारतीपुढे मोकळी जागा सोडा आणि बदल्यात जादा मजले चढवा. बिल्डरांनी जागा सोडल्या, पण ओसाड. मग विल्यम व्हाइट नावाचे एक गृहस्थ कॅमेरे लावून बसले. कोण कुठे बसतं, कुठे थांबतं, किती वेळ थांबतं, हे सगळं टिपलं. निष्कर्ष ऐकून आपल्या पारावरचा म्हातारा हसेल: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात! पण त्यातूनच 1975 साली नियम बदलला, आणि दर 30 चौरस फूट मोकळ्या जागेमागे एक फूट लांबीची बैठक सक्तीची झाली.

त्यांनी टिपलेली एक गोष्ट मला फार आवडते. सुटी खुर्ची असली की माणूस बसण्याआधी ती किंचित सरकवतो. कधी चार बोटं उजवीकडे, कधी पुन्हा होती तिथेच. गरज काहीच नसते. मी मुद्दाम बघत बसतो: कोटवाले साहेब येतात, डब्याची पिशवी टेबलावर ठेवतात, खुर्ची वीतभर ओढतात, मग टेकतात. आता ही खुर्ची माझी, असा तो कार्यक्रम. सिमेंटात गाडलेल्या बाकड्यावर हे सुख नाही. तिघींना समोरासमोर बसून बोलायचं तर ओळीनं बसून माना वळवाव्या लागतात.

ऊन-सावलीचं मात्र इथून जसंच्या तसं उचलू नका. इथली माणसं मार्चमध्ये उन्हाचा तुकडा शोधत फिरतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि आपण जुना कडुनिंब तोडून त्या जागी लॉन लावतो. चैत्रात त्या निंबाच्या मोहराचा वास अर्ध्या गल्लीला यायचा. लॉनला कसला वास येतो? टँकरच्या पाण्याचा.

वासावरून लातूरची गंजगोलाई ही बाजारपेठ आठवली. 1917 मधलं ते गोल बांधकाम, मध्ये देवीचं मंदिर, भोवती सोळा रस्ते. लहानपणी डोळे मिटूनही कळायचं की आपण गुळाच्या बाजूला आहोत की मिरचीच्या, कारण मिरचीच्या बाजूला शिंका यायच्या. अशा जागी अनोळखी माणसंही एकमेकांशी बोलतात, कारण बोलायला काहीतरी समोर असतं. "औंदा लय तिखट हाय हो!" एवढं पुरतं. व्हाइटसाहेबही हेच सांगत: समोर जादूगार असो, पुतळा असो की बुद्धिबळाचा डाव, तिसरं काहीतरी असलं की परके दोघं बोलते होतात. आणि खायची गाडी पाहिजेच. सुशोभीकरण झालं की आपण पहिल्यांदा कुणाला हाकलतो? भज्याच्या आणि सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, गाडीवाल्याला.

पारांचे फार गोडवे गाणाऱ्यांनी मात्र एक सांगावं: त्यावर बायका कधी बसलेल्या पाहिल्या? व्हाइट यांनी बायका मोजल्या होत्या. चांगल्या चालणाऱ्या जागांमध्ये त्यांचं प्रमाण जास्त आढळलं, कारण बाईमाणूस जागा पारखून बसतं. इथला ब्रायंट पार्क एके काळी गर्दुल्ल्यांचा अड्डा होता. उंच कुंपण, दाट झुडपं, आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसायचं नाही. 1988 मध्ये बंद केला, झुडपं काढली, वाटा रुंद केल्या, सुट्या खुर्च्या टाकल्या आणि 1992 मध्ये पुन्हा उघडला. आई आली तेव्हा तिला तिथे नेलं. हिरवळ, कारंजं, टेबल टेनिस सगळं तिनं ओझरतं पाहिलं. थबकली ती तिथल्या स्वच्छतागृहापाशी. आत ताज्या फुलांचा गुच्छ असतो. बाहेर येऊन म्हणाली, "बाजाराला गेलं की आम्ही दिवसभर पाणीच प्यायचो नाही बघ." नंतर खुर्च्यांना साखळी नाही, हे तिच्या लक्षात आलं. "चोरीला जात नाहीत व्हय रं?"

तळ्याकाठचा दुसरा टप्पा अजून व्हायचाय, असं भाचा म्हणतो. म्हणून त्याला टाइम्स स्क्वेअरची गोष्ट सांगितली. 2009 मध्ये तिथला ब्रॉडवे हा रस्ता गाड्यांना बंद केला, तेव्हा नवं फर्निचर यायचं होतं. तोवर स्वस्तातल्या घडीच्या खुर्च्या भर रस्त्यात टाकल्या, आणि माणसं बसली. दगड-सिमेंट नंतर आलं. तूही महिनाभर तळ्याकाठच्या उरलेल्या निंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाक, म्हटलं. लोक त्या कुठे ओढून नेतात ते बघ, आणि तिथेच पुढचं काम धरायला सांग.

"मामा, खुर्च्या मंडपवाला देतोय," तो म्हणाला, "पण परवानगी कुणाची काढायची? बांधायला टेंडर निघतंय, बसायला निघत नाही."