‘सर, याचा उपयोग काय?’ : तुम्ही विचारलंत म्हणून

“सर, तुम्ही फिजिक्सचे. मग मोडी कशाला, झाडांची शास्त्रीय नावं कशाला? आणि दर रविवारी चर्चला जाणारा माणूस ज्ञानेश्वरी कशाला वाचतो?” लातुरात हे मला पालकांनी विचारलंय, स्टाफरूममध्ये विचारलंय, चर्चच्या मंडळीतल्या लोकांनीही विचारलंय. दर वेळी घाई असते, मी काहीतरी दोन वाक्यं बोलून निघतो. परवा तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत. म्हणून आज सविस्तर सांगतो.

मी लुथरन आहे. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन लुथरनं चर्चच्या सुधारणेची चळवळ सुरू केली, तिच्यातून निघालेला हा पंथ. मराठवाड्यात हे नाव फारसं कुणाच्या कानावर नसतं. आमचे तातय्या, म्हणजे वडिलांचे वडील, गुंटूरकडचे. तिकडे १८४२ साली हायर नावाचे अमेरिकन लुथरन मिशनरी आले आणि त्या कामातून पुढे आंध्रातली मोठी लुथरन मंडळी उभी राहिली. तातय्या निजामाच्या रेल्वेत लागले, पूर्णेच्या लोको शेडला आले आणि पूर्णेचेच झाले. घरात तेलुगू, अंगणात मराठी, शेजारी उर्दू. लुथरन म्हणून गावात आमचं एकच घर.

शेडमधून आल्यावर ते साबणानं खसाखसा हात धुवायचे, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. मग मला समोर बसवून लुथरची छोटी प्रश्नोत्तरी म्हणून घ्यायचे. १५२९ मध्ये घराघरांतल्या मुलांना शिकवता यावी म्हणून लुथरनं ती लिहिली. देव आकाश आणि पृथ्वीचा उत्पन्नकर्ता आहे, म्हणजे काय? उत्तर असं: त्यानं मला आणि सगळ्या जीवांना निर्माण केलं; शरीर आणि जीव, डोळे, कान, सगळे अवयव, बुद्धी आणि सगळी इंद्रियं दिली, आणि अजूनही तोच ती सांभाळतो. ‘डोळे’ म्हणताना तातय्यांचं खरखरीत बोट माझ्या पापणीला लागायचं, ‘कान’ म्हणताना कानाच्या पाळीला, ‘बुद्धी’ म्हणताना कपाळाला. पुढे कपडे, चपला, घरदार, शेत, गुरंढोरं अशी यादी येते. आणि शेवटी येतं की हे सगळं माझी काही लायकी आहे म्हणून मिळालेलं नाही, बापाच्या मायेनं मिळालंय.

माझं उत्तर खरं तर तिथंच आहे. आम्ही मानतो की तारण, म्हणजे उद्धार, देवाच्या कृपेनं मिळतं, कमावता येत नाही. मग शिकून मला देवाकडे मार्क मिळवायचे नाहीत, पुण्यही साठवायचं नाही. डोळे दिलेत, तर बघायचं. बुद्धी दिलीय, तर ती चालवायची आणि शेजाऱ्याच्या कामी आणायची. ज्याला काही सिद्ध करायचं उरलेलं नाही, त्याला शिकण्याची गोडी लागायला वेळ लागत नाही. लातूर पॅटर्नच्या गावात तीस वर्षं शिकवून सांगतो, “सर, हे परीक्षेला आहे का?” असं विचारणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर भीती असते. मुलं आळशी नाहीत हो, घाबरलेली आहेत. मला त्यांची फार काळजी वाटते.

लुथरनं १५२४ मध्ये जर्मन शहरांच्या नगरसभांना शाळा काढा म्हणून पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो, मला मुलं असती तर त्यांना भाषा आणि इतिहास तर शिकवलाच असता, शिवाय गाणं, वाद्यं आणि सगळं गणितही. आपल्याला कवी आणि इतिहास पुरेसे वाचू दिले नाहीत याची हळहळही त्याच पत्रात आहे. मला ते पत्र फार जवळचं वाटतं.

ग्रहांच्या गतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरला खरं तर पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरूच, व्हायचं होतं. ट्युबिंगेनला ईश्वरविद्या शिकत असताना १५९४ मध्ये त्याला ग्राझला गणिताचा शिक्षक म्हणून पाठवलं. आधी त्याला अस्वस्थ वाटलं. पुढच्याच वर्षी त्यानं आपल्या गुरूला कळवलं की खगोलशास्त्रातूनही देवाचा गौरव होतो हे मला आता दिसतंय. त्याच केप्लरला पुढे लिंझमध्ये लुथरन पाळकानंच प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या पवित्र विधीला, बसू दिलं नाही, कारण पंथाच्या एका मसुद्यावर तो बिनशर्त सही करेना. आमच्या लोकांची ही चूक मी झाकत नाही. त्यानं ना उपासना सोडली ना आकाश. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी अगदी चिकटल्यासारखे दिसले, तेव्हा गल्लीतली मुलं आमच्या गच्चीवर जमली होती. १६०३ साली अशीच युती केप्लरनं पाहिली होती, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं.

झाडांचं म्हणाल, तर आमच्या परसातला कढीपत्ता बघा. त्याच्या शास्त्रीय नावात ‘कोएनिगी’ येतं. हे कोएनिग म्हणजे सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसचे शिष्य, १७६८ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीच्या लुथरन मिशनमध्ये डॉक्टर म्हणून आलेले. रोगी तपासायचे आणि वनस्पती गोळा करायचे. त्यांचा शेवट १७८५ मध्ये आंध्र किनाऱ्यावर, काकिनाड्याजवळ झाला. हे कळल्यापासून फोडणीत कढीपत्ता तडतडला की मला एकदम तातय्यांचा मुलूख आठवतो.

आता मोडी आणि ज्ञानेश्वरी. त्याच तरंगमबाडीला १७०६ मध्ये झिगेनबाल्ग हे जर्मन लुथरन मिशनरी आले. तमिळ शिकले, बायबलमधला नवा करार तमिळमध्ये आणला आणि दक्षिणेतल्या देवदेवतांवर एक बारकाईचा ग्रंथ लिहिला. तो जर्मनीतल्या वरिष्ठांना आवडला नाही आणि मूळ जर्मनमध्ये छापला गेला तो थेट १८६७ साली, मद्रासला. शेजारी काय मानतो हे त्याच्याच शब्दांत समजून घेणं मला प्रेमाचंच काम वाटतं, म्हणून मी ज्ञानेश्वरी वाचतो. आणि त्या ओव्या सुंदर आहेत, हेही कारण पुरेसं आहे.

मोडीच्या वाटेवर मला आणलं तंजावरच्या सरफोजी राजांनी. त्यांच्या आधीचे राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये मरताना आपला हा दत्तक मुलगा श्वार्ट्झ या लुथरन मिशनऱ्याच्या भरवशावर सोडला. सरफोजी धर्मानं हिंदूच राहिले, काशीयात्राही केली. पण कुतूहल केवढं! सरस्वती महाल ग्रंथालयाचा मोठा साठा त्यांनी जमवला, डोळ्यांच्या रोग्यांच्या सचित्र नोंदी ठेवल्या, देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. श्वार्ट्झ गेल्यावर राजांनी इंग्लंडहून संगमरवरी शिल्प करवून आणलं. त्यात ते मरणाऱ्या गुरूचा हात धरून उभे आहेत. तंजावरला त्या चर्चमध्ये मी बराच वेळ उभा होतो. मनात सारखं येत होतं की हे तंजावरचे भोसले म्हणजे मालोजींच्या वंशातले, मूळ आपल्या वेरूळचे. तंजावर दरबारचे हजारो कागद अजून मोडीतच आहेत.

म्हणून रविवारी उपासनेहून आलो की दुपारी मोडीचा सराव करतो. अक्षरावरची रेघ आधी, एका दमात, मग तिला खालून लोंबणारी अक्षरं, हात शक्यतो न उचलता. गेल्या महिन्यापासून बारावीतली एक मुलगी शेजारी येऊन बसते. तिनं पहिल्यांदा तिचं नाव मोडीत लिहिलं, वही लांब धरून पाहिली, आणि मग आजीचं नाव कसं लिहायचं ते विचारलं.