किल्लीवाली चिल्लर

नाण्यांचा नाद असलेले लोक सहसा सोन्याचांदीच्या मागं असतात, मला मात्र चिल्लर आवडते, आणि त्यातही जर्मनीतल्या स्वतंत्र शहरांची तांब्याची चिल्लर. त्या काळी एकेक शहर म्हणजे एक देशच म्हणा ना, राजा नाही, कारभार नगरसभेकडं, मग नाण्यावर तोंड कुणाचं छापणार? म्हणून शहराची खूण. ऑग्सबर्गचं पाइनचं बोंड, आखेनचा गरुड आणि माझी सगळ्यात लाडकी ब्रेमेनची किल्ली, सेंट पीटरची.

ब्रेमेनचा हिशोब मात्र डोकं फिरवणारा. श्वारेन हे लहान नाणं, ५ श्वारेनचा १ ग्रोट, ७२ ग्रोटचा १ थालर, म्हणजे थालरला ३६० श्वारेन! आपल्या आजोबांनी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै करत दिवस काढले तेच मला जास्त वाटायचं. वर यांचं २½ श्वारेनचंही नाणं होतं, अर्धा ग्रोट. अडीचकी पाठ असल्याशिवाय गल्ल्यावर बसायची सोय नाही.

फ्रँकफुर्टात ४ हेलरचा १ क्रॉइत्सर, हे त्यामानानं सरळ. पण १९व्या शतकाच्या सुरुवातीला तिथं भलतीच तांब्याची नाणी फिरायला लागली, वर नावं काय तर थेलर, आत्रिबुओ, हाल्बाक! असलं चलन कुठल्याच राज्यात नव्हतं, आणि खरी गंमत तीच, खऱ्या नाण्याची नक्कल केली तर गुन्हा, पण जे नाणंच नाही त्याची नक्कल केली म्हणून पकडणार कसं? कुणाचं डोकं असेल ते असो, मानलं. लोकांनी मात्र त्यांना 'ज्यूंचे फेनिग', म्हणजे ज्यूंचे पैसे, असं नाव ठेवलं, नेहमीप्रमाणं खापर एका समाजावर फोडून मोकळे.

१८६६ ला फ्रँकफुर्ट प्रशिया या बड्या जर्मन राज्यानं गिळलं. मग सगळ्या जर्मनीचं एक साम्राज्य झालं, मार्क हे नवं चलन आलं. हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्यूबेकला स्वतःची खूण ठेवायला परवानगी मिळाली, पण २ मार्क आणि त्याच्या वरच्या नाण्यांवरच, खालची सगळी चिल्लर साम्राज्याच्या गरुडाची. मला हे उलटंच वाटतं, कारण पाव आणायला निघालेल्या बाईच्या हातात रोज पडायची ती चिल्लर. ब्रेमेननं तर किल्लीवालं २ मार्कचं नाणं काढलं ते थेट १९०४ साली, आणि तेही चांदीचं, म्हणजे त्या बाईच्या हातात कधीतरीच येणार.