मॅट डिलनचा उजवा पाय

दुपारचे साडेतीन वाजले की आमच्या रिहॅब सेंटरच्या कॉरिडॉरमध्ये वॉकरची खडखड सुरू होते. चारला टीव्हीच्या खोलीत 'गनस्मोक'चे जुने भाग लावतात. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक म्हातारे शेतकरी आहेत. सकाळी माझ्यासमोर दहा पावलं टाकायची तर त्यांच्या जिवावर येतं. पण मार्शल मॅट डिलनला भेटायला हेच आजोबा अख्खा कॉरिडॉर पार करतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटात फिजिओथेरपिस्ट म्हणून मला बारा वर्षं झाली. ही मालिका मी पाहायला लागले ती अशा पेशंटांच्या शेजारी बसून.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1870च्या दशकातलं कॅन्ससमधलं डॉज सिटी, गुरांचे कळप हाकत आणणारे काउबॉय, त्यांची मारामारी आणि गावात कायदा टिकवणारा एक उंचापुरा मार्शल. आधी रेडिओवर होती, मग 1955 ते 1975 अशी 20 वर्षं टीव्हीवर चालली. 635 भाग झाले. पहिल्या भागाची ओळख करून द्यायला खुद्द जॉन वेन पडद्यावर आला होता.

माझा धंदाच असा की माणसाचा चेहरा बघायच्या आधी नजर त्याच्या पायांकडे जाते. तर या मालिकेत पायांची एक विलक्षण जोडी आहे. मार्शलचा मदतनीस चेस्टर लंगडतो. उजवा गुडघा अजिबात वाकवत नाही. मार्शल मात्र ताठ चालतो. प्रत्यक्षात दुखरा पाय मार्शलचा होता, आणि लंगडणारा चेस्टर पट्टीचा खेळाडू होता.

मार्शल झालेला जेम्स आर्नेस मूळचा मिनियापोलिसचा, नॉर्वेजियन वंशाचा. उंची सहा फूट सात इंच. दुसऱ्या महायुद्धात त्याला वैमानिक व्हायचं होतं, पण उंची आडवी आली आणि तो पायदळात गेला. जानेवारी 1944मध्ये इटलीत आन्झिओच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा बोटीतून त्याला सगळ्यांत आधी उतरवलं. कारण? पाणी किती खोल आहे ते उंच माणसावरून कळेल! पुढे तिथेच मशीनगनच्या गोळ्यांनी त्याचा उजवा पाय फोडला. त्यानंतर ऑपरेशनं आणि हॉस्पिटलातले लांबलचक महिने. वय उणंपुरं एकवीस.

हे मला कळलं आणि मी जुने भाग पुन्हा लावून बसले. सुरुवातीच्या काळात मार्शल बूट हिलच्या थडग्यांमधून एकटाच चालताना दिसतो आणि त्याचा आवाज ऐकू येतो. तो भाग मी किती वेळा थांबवून, मागे नेऊन पाहिला असेल! आर्नेस सावकाश चालतो. सगळे त्याला रुबाब म्हणतात, आणि रुबाब आहेच. पण दुखऱ्या पायाची माणसं रोज बघणाऱ्या मला त्यात पाऊल जपून टेकवण्याची सवयही दिसते.

आणि घोडा! घोड्यावर डाव्या बाजूने चढतात. डावा पाय रिकिबीत, आणि जमिनीवरून शेवटचा रेटा द्यायचा तो उजव्या पायाने. उतरतानाही आधी जमिनीला लागतो उजवाच. त्याच्या बक नावाच्या घोड्यावर तो 20 वर्षांत किती वेळा चढला-उतरला असेल, याचा विचार केला तरी माझ्याच गुडघ्यात कळ येते. पुढे पुढे दुखणं वाढत गेलं, आणि घोड्यावर बसलं की ते उसळायचं. पडद्यावर त्याने ते कधी येऊ दिलं नाही.

आता चेस्टर, म्हणजे डेनिस वीव्हर. मिसुरीतल्या जॉप्लिनचा मुलगा. ओक्लाहोमा विद्यापीठाचा धावपटू. 1948च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेची निवड चाचणी झाली त्यात डेकॅथलॉनमध्ये सहावा आला होता. दहा खेळांची ती स्पर्धा, त्यात बांबूची उंच उडीसुद्धा आली. अशा शरीराच्या माणसाला ही भूमिका मिळाली तेव्हा तो पोटासाठी लोकांच्या घरी फुलं पोचवत होता. मदतनीस एवढा धडधाकट असेल तर मारामारीत हा का पडत नाही, असं प्रेक्षकांना वाटणार. म्हणून निर्मात्यांना त्याच्यात काहीतरी व्यंग हवं होतं. वीव्हरने ताठ पाय निवडला आणि नऊ वर्षं निभावला.

आणि काय निभावला! कॉफीची किटली घेऊन तो येतो तेव्हा ताठ पाय बाजूने अर्धगोल फिरवून पुढे आणतो, कंबर त्या बाजूला किंचित उचलतो. गुडघा आखडलेले माझे पेशंट हुबेहूब असेच चालतात. खुर्चीत बसताना तो आधी पाय पुढे सारतो, मग बूड टेकतो. हे कुणी शिकवून येत नाही, घरी तासन्तास करून बघावं लागतं. 1959मध्ये त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला तो अगदी योग्य होता. पण असं रोज चालणं सोपं नाही. माझ्याकडे कुणी येऊन म्हणालं असतं की मला नऊ वर्षं खोटं लंगडायचंय, तर मी हात जोडले असते. कंबर आणि चांगला पाय दोन्ही कामातून जातात.

वीव्हरबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. तो परमहंस योगानंदांच्या सेल्फ-रिअलायझेशन फेलोशिपचा अनुयायी होता, शाकाहारी होता. म्हातारपणी त्याने कोलोरॅडोत जुने टायर आणि रिकामे डबे वापरून घर बांधलं आणि तिथेच 2006मध्ये गेला. माझ्या पेशंटांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्यासाठी तो अजून किटली घेऊन फिरतोय.

बाकी मंडळीही मोठी माणसं. डॉक, म्हणजे गावचा डॉक्टर झालेला मिलबर्न स्टोन खरोखरचा कॅन्ससचा, बर्टन गावचा. न्यूटनहून हचिन्सनकडे जाताना ते गाव लागतं, गाडी दोन मिनिटांत पार होते. चेस्टरनंतर मार्शलचा मदतनीस झालेल्या फेस्टसचा तो घोगरा, चिरका आवाज काढणारा केन कर्टिस मुळात सुरेल गायक. मिस किटी झालेल्या अमांडा ब्लेकने 19 वर्षं सलूनची मालकीण रंगवली आणि ॲरिझोनात घरी चित्ते पाळले. बंदिवासात पिल्लं देणं चित्त्यांना अवघड जातं, तिच्याकडे त्यांच्या सात पिढ्या झाल्या. 1989मध्ये ती गेली, साठीतच. तिच्यावर वेगळं लिहीन.

मी हे सगळं एवढं का मनाला लावून घेतलं, तर आमच्या आबांमुळे. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आर्नेस होता त्याच काळात इटलीत. आन्झिओला नव्हे. मराठा पलटणी दुसऱ्या आघाड्यांवर लढत होत्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच इटलीत. आबाही पायाला गोळी लागून परतले. साताऱ्याच्या घरी त्यांना लंगडताना कुणी पाहिलं नाही. बाजाराला जाताना ते मधेच थांबून कुणाच्या तरी पिकाची चौकशी करायचे. आता वाटतं, ते पाय टेकवायला थांबायचे.

रात्री पाय चेपायचं काम माझं. त्यांच्या पोटरीत एक खळगा होता, माझा अंगठा बरोबर त्यात बसायचा. हे लिहायच्या आधी फोन करून विचारलं, कोणता पाय? बाबा म्हणाले डावा. आत्या म्हणाली, छे, उजवा. मी डोळे मिटून खाटेशेजारी बसून पाहिलं. कंदील कुठे होता ते आठवतं, तेलाच्या वाटीचा वास आठवतो. पाय कोणता, ते काही केल्या आठवत नाही.