अण्णांचा नाण्यांचा डबा

अण्णा, म्हणजे माझे आजोबा, गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचा नाण्यांचा पत्र्याचा डबा माझ्याकडे आला, कारण लहानपणी तो उघडला की मीच शेजारी बसायचे. आत एकवीस चांदीचे रुपये, मूठभर भोकाचे पैसे, १९५७ नंतरचे नये पैसे आणि धोतराच्या चिंधीत वेगळ्या बांधलेल्या चार शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी.

आईने हौसेने चिंच भिजत घातली होती, देवाची भांडी घासतो तशा शिवराया लख्ख करायला. मी तिचा हात धरला. तो काळपट थर शेकडो वर्षांचा असतो. घासला की नाणं कायमचं बिघडतं. मग भिंगाखाली एकीवर 'श्री राजा शिव' वाचता आलं, उलटीकडे 'छत्रपति'. आम्ही दोघी बराच वेळ गप्पच होतो.

एका सराफाने रुपये वजनावर मागितले. एक रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर तोळा. १९३९ पर्यंतच्या रुपयात जवळपास ९२ टक्के चांदी, १९४० पासून निम्मीच, आणि १९४७चा तर निकेलचा. पैसे बरे आले असते. पण ते वितळणार, हे मला सहन होईना.

रुपये भावंडांत वाटले, प्रत्येकाला तीन. शिवराया कुणालाच द्यायच्या नाहीत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे दाखवून मगच ठरवणार. भोकाचे पैसे मी ठेवलेत, अण्णांनी ओवलेल्या सुतळीसकट.