जरा माझ्यासमोर उभ्या राहता का?

शेजारच्या मुलीने हळूच विचारलं. लंडन, चिनी दूतावासासमोरचा रस्ता, २७ नोव्हेंबर २०२२ ची संध्याकाळ. मास्क, टोपी, वर हुडी. नुसते डोळे दिसत होते. हातात कोरा ए-फोर कागद. पलीकडच्या फुटपाथवर एकजण निवांतपणे एकेकाचे फोटो काढत होता.

कोण होता, देव जाणे. असेल एखादा हौशी. पण ती माझ्यामागे सरकली. म्हणाली, "आई-बाबा तिकडेच आहेत."

त्याच आठवड्यात गुरुवारी चीनमधल्या उरुमची शहरात इमारतीला आग लागून दहा माणसं गेली, हा सरकारी आकडा. शहर कोविडमुळे तीन महिन्यांहून जास्त काळ लॉकडाऊनमध्ये. त्यामुळेच माणसांना बाहेर पडता आलं नाही, असा लोकांचा आरोप. त्यावरून शांघायमध्ये लोक कोरे कागद घेऊन रस्त्यावर आले. काही लिहिलं तर पकडतात, म्हणून कोरे. तरीही पकडलंच.

मी तासभर तशीच उभी होते. घोषणा कळत नव्हत्या, दिल्याही नाहीत. माझा फोटो कुठेही गेला तरी सांगलीत आमच्या दारावर कोणी थाप मारणार नाही. पाठिंबा म्हणून स्टेटस ठेवण्यापेक्षा हे आडवं उभं राहणं मला जास्त कामाचं वाटलं.

परदेशात शिकणाऱ्यांनो, तुमच्या वर्गातली चिनी मुलं याबद्दल तुमच्याशी बोलतात का?