यवाबाचे नऊ महिने वीस दिवस

मंगळवार, रात्री उशिरा

आमच्या चर्चमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला बायबलचं वचन होतं. यिर्मया २९:११, देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत ते; दुसरं कुठलं असणार! मागे डोंगर, त्यावर उगवता सूर्य, पांढरी अक्षरं. वीस मिनिटांनी बघितलं तर गायब. का काढलंस म्हटलं, तर उत्तर आलं, "अकराच जणांनी बघितलं." पुढे एक हसरा चेहरा.

एवढ्याशा गोष्टीने इतकं खट्टू व्हायचं काय कारण? शिवीगाळ नव्हती, भलता फोटो नव्हता. चोवीस तासांनी ते आपोआप गेलंच असतं. पण ते अकरा काही डोक्यातून जाईनात.

त्यात वचन नेमकं तेच. बाबेलात बंदिवान झालेल्यांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेल्या पत्रातलं. त्याच्या आधीच्या, दहाव्या वचनात साफ लिहिलंय, सुटका होईल ती सत्तर वर्षं भरल्यावर. मुलं अकरावं उचलतात आणि दहावं सोडून देतात. मोठेही तेच करतात म्हणा. सत्तर वर्षं दम धरा सांगणाऱ्या पत्रातली ओळ वीस मिनिटंही टिकली नाही.

मग इतके दिवस आपण मुलांना शिकवतो ते काय? दिवा मापाखाली ठेवू नका, मत्तय ५. चांगलं टाका, वचन टाका, साक्ष द्या. आणि पान उलटलं की सहाव्या अध्यायाचं पहिलंच वचन: लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका. दोन्ही येशूच्या डोंगरावरच्या एकाच प्रवचनातली. पाचवा अध्याय उत्साहाने सांगताना सहावा राहून जातो. पाचव्यात बघणारा पित्याचं गौरव करतो. सहाव्यात आपण बघणारे मोजत बसतो. हा फरक पंधरा वर्षांच्या पोराला कोणी सांगितलाय? निदान माझ्याकडून तरी नाही.

मोजणं. अडकलंय ते तिथेच.

२ शमुवेल २४ काढून वाचलं. दाविद राजाला माणसं मोजायची हुक्की आली. सेनापती यवाब काही संत नव्हता, पण त्यानेही विचारलं की राजाला हे हवंय तरी कशाला. राजाने ऐकलं नाही. सगळा देश पालथा घालून यवाब परतला तो नऊ महिने वीस दिवसांनी. इस्राएलाचे आठ लाख, यहूदाचे पाच लाख. आकडा हातात पडला आणि दाविदाचं मन त्याला टोचू लागलं. नऊ महिने वीस दिवस! मधे पश्चात्तापाला किती जागा होती. आमच्या मुलांचा यवाब एका सेकंदात परत येतो, आणि जाताना "कशाला हवंय?" असं विचारतही नाही.

हा यवाब थोडा लांब ठेवता येतो. व्हॉट्सअॅपला सेटिंग्ज, प्रायव्हसी, तिथे रीड रिसीट्स बंद. त्याने निळ्या खुणा जातात हे सगळ्यांना माहीत असतं. आपलं स्टेटस कोणी बघितलं ती यादीही जाते, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. दुसऱ्यांचं आपण बघितलं तर त्यांनाही आपलं नाव दिसत नाही. ग्रुपमधल्या खुणा मात्र राहतात. अडचण सेटिंगची नसते, मित्रांची असते. निळ्या खुणा बंद केल्या की "भाव खातोय" म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी मुलगा गुपचूप परत चालू करतो. म्हणून एकट्याला सांगून उपयोग नाही. चार-पाच जणांनी मिळून आठवडाभर बंद ठेवायचं ठरवलं तर टिकण्याची आशा.

इन्स्टाग्रामवर जरा फसगत आहे. पोस्टवरचे लाइक लपवता येतात, पण लपतात ते इतरांपासून. टाकणाऱ्याला आकडा काढून बघता येतोच. म्हणजे गर्वाची बाहेरची खिडकी बंद, आतली उघडी. स्टोरी कोणी बघितली ती यादी तर बंदच करता येत नाही. तिथे एकच करता येतं: नोटिफिकेशनमध्ये जाऊन लाइकची सूचना बंद करायची, वचन टाकायचं आणि लगेच अॅपमधून बाहेर पडायचं. पहिला अर्धा तास कठीण. बोट आपोआप तिकडेच जातं. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेला बरा. मत्तय ६:६ मध्ये खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करायला सांगितलंय; ती खोली आणि ते दार असंही वापरता येईल, बायबलचे टीकाकार काही म्हणोत.

दुसरं एक कुसळ. मुलांच्या अकाउंटला हल्ली इन्स्टाग्राम आपणहून कुंपण घालतं: अठराच्या आतलं अकाउंट खासगी, साठ मिनिटांनी आठवण, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद. सोळाच्या आतल्याला ते सैल करायचं तर आईवडिलांची परवानगी लागते. पालक निर्धास्त. पण हे सगळं मुख्यतः चालतं भरलेल्या जन्मतारखेवर. अॅप तेराच्या आतल्याला घेत नाही, म्हणून दहाव्या वर्षी तेरा लिहिलेलं असतं. आज मुलगा पंधराचा आणि अॅपच्या हिशेबी अठराचा. कुंपण कुठून लागणार? अकाउंट सेंटरमध्ये वैयक्तिक माहितीत जाऊन जन्मतारीख दुरुस्त करायची, हे पहिलं काम; वेळेची मर्यादा वगैरे नंतर. त्या अॅपवर मुलाने केलेली पहिलीच गोष्ट खोटी असते, आणि कितीतरी घरांत ती तारीख आईने किंवा वडिलांनीच भरून दिलेली असते. यावर रविवारी कोणी बोलत नाही.

प्रार्थनाविनंत्यांच्या ग्रुपबद्दल आज लिहीत नाही. तिथे नाव आणि आजार दोन्ही फॉरवर्ड होतात आणि ज्याचा आजार त्याला कोणी विचारलेलंही नसतं. ते दुखणं वेगळं.

आता वाटतंय, बिचाऱ्यावर एवढं कशाला चिडायचं. चर्चच्या उपासनेचं थेट प्रक्षेपण संपलं की आम्हीच सांगतो, आज इतक्या जणांनी पाहिलं. उपासनेत जाहिराती, म्हणजे मंडळीसाठीच्या सूचना, वाचताना तो आकडा वाचतो, मग टाळ्या, मग "देवाची स्तुती असो". खाली सरकवता सरकवता कोणाचा अंगठा क्षणभर थांबला, तोही कदाचित त्या आकड्यात धरलेला असेल. बायबल वाचायच्या अॅपमध्येसुद्धा सलग किती दिवस वाचलं ते मोजणारं चक्र असतं आणि ते तुटलं तर हळहळ वाटते. वाचायचं राहिल्याची कमी, चक्र तुटल्याची जास्त. मोजायला त्याला शिकवलं कोणी, हा प्रश्न आता फारसा अवघड राहिला नाही.

आणि अकरा म्हणजे काही कमी नव्हेत. येशूला धरून देणारा यहूदा गेल्यावर बारा शिष्यांतले उरले होते तितके.

हे त्याला सांगावंसं वाटलं, फोन हातातही घेतला. ओळ चांगली जमली होती, म्हणून तर धास्ती वाटली. यवाबाचा प्रश्नही विचारायचाय, हे तुला हवंय तरी कशाला. तो समोर बसवूनच विचारावा लागेल. मेसेज टाकला तर तो त्याने वाचला की नाही, ते मी दर पाच मिनिटांनी बघत बसणार.